तोलाची हद्द शोधणारे ल्यापुनोव

भोवरा तुम्ही सर्वांनी फिरवला असेल. तो वेगाने फिरत असताना त्याला बोटाने हलका धक्का दिला, तर तो थोडा डोलतो आणि पुन्हा ताठ उभा राहतो. धक्का जरा जोराचा बसला, तर मात्र तो कोलमडतो. नावेचेही तसेच आहे. लहान लाटेवर नाव हेलकावे खाते आणि सावरते. मोठी लाट आली, की ती उलटते. म्हणजे लहान धक्का आणि मोठा धक्का यांच्यामध्ये कोठे तरी एक हद्द असते. हद्दीच्या अलीकडे तोल सावरतो, हद्दीच्या पलीकडे तो जातो.

ही हद्द नेमकी कोठे आहे? नाव उलटण्याआधी ती आपल्याला कळेल का? वस्तूचा तोल हिशेबाने कसा तपासावा, हे ज्या गणितज्ञाने जगाला शिकवले, त्यांचे नाव अलेक्सांद्र मिखाइलोविच ल्यापुनोव.

रशियात व्होल्गा नावाची मोठी नदी आहे. तिच्या काठी यारोस्लाव्ल हे जुने शहर आहे. तेथे ६ जून १८५७ रोजी ल्यापुनोव यांचा जन्म झाला. त्यांचे वडील मिखाइल हे खगोलशास्त्रज्ञ होते. पूर्वी ते कझान येथील वेधशाळेत काम करत असत. ग्रहताऱ्यांचे निरीक्षण जेथे चालते, त्या जागेला वेधशाळा म्हणतात. पुढे ते यारोस्लाव्लमधील एका विद्यालयाचे प्रमुख झाले. आईचे नाव सोफिया. या घरातील तिन्ही मुलांनी नाव काढले. अलेक्सांद्र गणितज्ञ झाले, सेर्गेई संगीतकार झाले आणि बोरिस भाषांचे पंडित झाले.

अलेक्सांद्र लहान असताना वडिलांनी नोकरी सोडली व मुलांना घरीच शिकवायला सुरुवात केली. पण हे सुख फार दिवस टिकले नाही. १८६८ साली वडील वारले. तेव्हा अलेक्सांद्र अवघे अकरा वर्षांचे होते. नात्यातील रफाईल सेचेनोव यांनी त्यांच्या शिक्षणाला हातभार लावला. सेचेनोव यांची मुलगी नताल्या हीही त्यांच्याबरोबर शिकत असे. पुढे १८८६ मध्ये याच नताल्याशी त्यांचा विवाह झाला.

१८७० मध्ये आई मुलांना घेऊन निझनी नोव्हगोरोद या शहरात आली. अलेक्सांद्र तेथील शाळेत दाखल झाले. १८७६ मध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवून शाळेचा अभ्यास पुरा केला आणि ते सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात गेले. सुरुवातीला ते विज्ञान शिकत होते. रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांची व्याख्यानेही त्यांनी ऐकली. पण महिन्याभरातच त्यांचे मन गणिताकडे ओढले गेले आणि त्यांनी आपला विषय बदलला.

विद्यार्थी असतानाच त्यांनी एक निबंध लिहिला. भांड्यातील द्रवात एखादी जड वस्तू ठेवली, तर ती कोणत्या स्थितीत तोल धरून राहील, हा त्या निबंधाचा विषय होता. विद्यापीठाने त्याला सुवर्णपदक दिले. तोल हा त्यांच्या आवडीचा विषय तेव्हापासूनच झाला होता, असे म्हणायला हरकत नाही.

त्या काळी चेबिशेव हे रशियातील फार मोठे गणितज्ञ होते. होतकरू तरुणांना कठीण प्रश्न सोडवायला द्यायचे, ही त्यांची पद्धत होती. सोप्या प्रश्नांवर वेळ घालवण्यापेक्षा तरुणांनी अवघड प्रश्नांना हात घालावा, असे त्यांना वाटे. १८८२ मध्ये त्यांनी ल्यापुनोव यांनाही असाच एक प्रश्न दिला.

प्रश्न आकाशातील गोलांविषयी होता. समजा, अवकाशात द्रवाचा एक मोठा गोळा स्वतःभोवती फिरत आहे. फिरल्यामुळे तो थोडा चपटा होतो. आपली पृथ्वीही अशीच ध्रुवांजवळ किंचित चपटी आहे. चपट्या किंवा लांबट गोळ्याचे काही आकार गणितज्ञांना ठाऊक होते. गोळा जास्त वेगाने फिरू लागला, तर त्याला या आकारांच्या जवळचे दुसरे नवे आकार घेता येतील काय? हे चेबिशेव यांना हवे होते.

ल्यापुनोव कामाला लागले. हिशेब फार किचकट होता. म्हणून त्यांनी आधी ढोबळ अंदाज केला. लहानसहान गोष्टी सोडून दिल्या आणि मुख्य भाग तेवढा धरला. उत्तर आले. नवे आकार असावेत, असे तो अंदाज सांगत होता. दुसरा कोणी असता, तर तेवढ्यावरच खूश झाला असता. पण ल्यापुनोव थांबले नाहीत. सोडून दिलेल्या गोष्टी हिशेबात घेतल्या, तर हेच उत्तर टिकते का, हे त्यांना पाहायचे होते. आणि तेथे त्यांची गाडी अडली. पुष्कळ मेहनत करूनही ते खात्री देऊ शकले नाहीत. ज्याची खात्री नाही, ते छापायचे नाही, असे त्यांनी ठरवले आणि तो प्रश्न बाजूला ठेवला.

बाजूला ठेवला, पण सोडला नाही. त्यांनी त्याच विषयातील लहान प्रश्न हाती घेतला. फिरणाऱ्या गोळ्याचे जे आकार आधीच माहीत आहेत, ते धक्का बसल्यावर टिकतील की मोडतील? यावर त्यांनी प्रबंध लिहिला. त्याबद्दल १८८५ मध्ये त्यांना पदवी मिळाली. त्याच वर्षी ते खारकोव येथील विद्यापीठात शिकवू लागले. हे शहर आज युक्रेन देशात आहे.

खारकोवच्या विद्यार्थ्यांमध्ये स्तेक्लोव नावाचा एक हुशार तरुण होता. पुढे तोही मोठा गणितज्ञ झाला. त्याने त्या पहिल्या दिवसाची हकिगत लिहून ठेवली आहे. नवे शिक्षक वर्गात आले, तेव्हा मुलांना ते आपल्याच वयाचे वाटले. हे काय शिकवणार, अशी शंका मुलांच्या मनात होती. पण तासाभरात सारे चित्र पालटले. असे शिकवणे मुलांनी पूर्वी कधी ऐकलेच नव्हते. त्या दिवसापासून सर्वजण त्यांना मान देऊ लागले. हा मान सहज मिळालेला नव्हता. ल्यापुनोव प्रत्येक विषयाची टिपणे स्वतः तयार करत. खारकोवमधील पहिली दोन वर्षे त्यांची जवळजवळ याच कामात गेली.

याच खारकोवमध्ये त्यांनी आपले सर्वांत मोठे काम केले. १८९२ मध्ये त्यांचा गतीच्या स्थिरतेवरील प्रबंध प्रसिद्ध झाला. त्या वेळी ते ३५ वर्षांचे होते. स्थिरता म्हणजे धक्का बसला तरी पूर्वस्थितीच्या जवळ राहण्याचा गुण. या प्रबंधात त्यांनी काय सांगितले, ते आपण सोप्या रीतीने समजून घेऊ.

एखाद्या गावाचा नकाशा आपण सपाट कागदावर काढतो. पृथ्वी गोल आहे, हे आपण सोडून देतो. गाव लहान असल्यामुळे त्यात काही बिघडत नाही. पण साऱ्या जगाचा नकाशा सपाट कागदावर काढला, की चूक दिसू लागते. काही देश आहेत त्यापेक्षा कितीतरी मोठे दिसतात. गणितातही असेच घडते. खऱ्या वस्तूंची गणिते वाकडीतिकडी असतात. ती सुटत नाहीत. म्हणून गणितज्ञ वाकडा भाग सोडून देत, सरळ भाग तेवढा धरत आणि वस्तू स्थिर आहे की नाही, ते सांगून टाकत. असे सांगणे केव्हा बरोबर ठरते? ल्यापुनोव यांच्या आधी याचे पक्के उत्तर कोणाकडे नव्हते. कोणत्या प्रसंगी या सरळ अंदाजावर भरवसा ठेवता येतो आणि कोणत्या प्रसंगी तो फसवू शकतो, हे त्यांनी सिद्ध करून दाखवले.

त्यांनी आणखी एक युक्ती दिली. ती आज जगभर वापरली जाते. चिनी मातीचा एक वाडगा घ्या. त्यात एक गोटी सोडा. गोटी इकडून तिकडे घरंगळते आणि हळूहळू तळाशी थांबते. ती कोणत्या वाटेने, किती वळणे घेत तळाशी पोहोचली, हे सांगणे कठीण आहे. पण ते सांगण्याची गरजच काय? गोटीची उंची आणि तिचा वेग या दोन्हींपासून एक आकडा तयार करा. गोटी वाडग्याला घासते, त्यामुळे हा आकडा कमी कमी होत जातो. तो वाढत कधीच नाही. मग गोटी कोणत्याही वाटेने जावो, शेवटी तळाशीच येणार. वाट माहीत नसतानाही मुक्काम कळला! असा सतत उतरणारा आकडा सापडला, की कठीण गणित न सोडवताही वस्तूची स्थिरता सिद्ध करता येते. गणितज्ञ अशा आकड्याला ल्यापुनोव यांचेच नाव देतात.

आता हद्दीची गोष्ट पाहू. समजा, त्या वाडग्याच्या कडेचा एका जागी टवका उडाला आहे. गोटीला बाहेर पडायला तीच सर्वांत खालची जागा आहे. गोटीचा आकडा त्या टवक्याच्या उंचीपेक्षा कमी असेल, तर ती बाहेर पडूच शकत नाही. म्हणून टवक्याच्या पातळीवर वाडग्याच्या आत एक रेघ ओढली, तर ती रेघ सुरक्षित हद्द झाली. रेघेच्या वर सोडलेली गोटीसुद्धा कधी कधी परत तळाशी येईल, कारण तिची वाट टवक्याकडे जात नसेल. म्हणजे आपली रेघ खऱ्या हद्दीच्या थोडी आत आहे. पण तिच्या आत धोका नाही, ही खात्री आहे. खरी हद्द सापडत नसेल, तर तिच्या आतली खात्रीची हद्द आखावी, हा मोठा धडा या युक्तीतून मिळाला.

उतरणारा आकडा शोधण्याचा ठरावीक नियम मात्र नाही. तो बुद्धीने शोधावा लागतो. चांगला आकडा सापडला, तर सुरक्षित जागा मोठी मिळते. साधारण आकडा सापडला, तर ती लहान मिळते.

१९०१ मध्ये ल्यापुनोव यांची रशियाच्या विज्ञान अकादमीवर निवड झाली आणि ते पुन्हा सेंट पीटर्सबर्गला आले. आता त्यांना शिकवण्याचे काम नव्हते. सारा वेळ संशोधनासाठी मोकळा होता. त्यांनी कोणता प्रश्न हाती घेतला असेल? वीस वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेला चेबिशेव यांचाच प्रश्न! चेबिशेव १८९४ मध्येच वारले होते. उत्तर मागणारे आता कोणी उरले नव्हते. तरी ल्यापुनोव यांनी तो प्रश्न पुन्हा काढला. ते रात्ररात्र जागून काम करत. पहाटे चार-पाच वाजेपर्यंत त्यांच्या खोलीत दिवा जळत असे. अखेर १९०६ ते १९१४ या काळात त्यांचा चार भागांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नवे आकार असतात, हे त्यांनी कोणतीही गोष्ट न सोडता सिद्ध केले.

या कामात एक मोठा वाद निघाला. फिरणारा द्रवाचा गोळा नासपतीसारखा, म्हणजे एका बाजूला निमुळता होऊ शकतो, हे फ्रान्सचे थोर गणितज्ञ प्वांकारे यांनी १८८५ मध्ये दाखवले होते. हा आकार टिकाऊ आहे का? इंग्लंडचे जॉर्ज डार्विन यांनी १९०२ मध्ये लांबलचक आकडेमोड केली आणि तो टिकाऊ आहे, असे जाहीर केले. ते प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव होते. या उत्तराला फार महत्त्व होते. आकाशातील एका गोळ्याचे हळूहळू दोन गोळे कसे होतात, याचा उलगडा त्यातून होईल, असे वाटत होते. ल्यापुनोव यांनी १९०५ मध्ये नेमके उलटे उत्तर दिले. हा आकार टिकत नाही, असे त्यांनी सांगितले. दोघेही आपापल्या मतावर ठाम राहिले. डार्विन १९१२ मध्ये वारले. पुढे १९१७ मध्ये इंग्लंडच्याच जीन्स या शास्त्रज्ञांनी सारा हिशेब तपासला. डार्विन यांचा अंदाज पुरेसा खोलवर गेलेला नव्हता आणि ल्यापुनोव यांचे म्हणणे खरे होते, असे त्यात दिसून आले.

ल्यापुनोव यांचे शेवटचे दिवस मात्र दुःखात गेले. नताल्या यांना क्षयरोग झाला होता. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. उबदार हवेत त्यांना बरे वाटेल, म्हणून १९१७ च्या उन्हाळ्यात ते दोघे काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात गेले. भाऊ बोरिस तेथेच राहत होते. देशात क्रांती आणि युद्ध यांचा गोंधळ माजला होता. ल्यापुनोव यांची दृष्टीही अधू होत चालली होती. तरी १९१८ मध्ये त्यांनी ओडेसाच्या विद्यापीठात आकाशातील गोलांच्या आकारावर व्याख्याने दिली. ३१ ऑक्टोबर १९१८ रोजी नताल्या वारल्या. लहानपणापासूनची सोबत सुटली. हा आघात त्यांना सहन झाला नाही. ३ नोव्हेंबर १९१८ रोजी त्यांचीही जीवनयात्रा संपली. त्यांच्या कागदांमध्ये एक मोठे हस्तलिखित सापडले. ते १९२५ मध्ये अकादमीने छापले.

ल्यापुनोव गेले, पण त्यांची युक्ती राहिली. १८९२ च्या प्रबंधाचे १९०७ मध्ये फ्रेंच भाषेत भाषांतर झाले होते. ते १९४७ मध्ये अमेरिकेत पुन्हा छापले गेले. विमाने, कारखान्यातील यंत्रे आणि पुढे अग्निबाण यांच्यासाठी अभियंत्यांना तिची गरज भासू लागली. लेनिनग्राडच्या झुबोव यांनी १९५० नंतरच्या दशकात तिच्या आधारे संपूर्ण हद्द शोधण्याची रीत मांडली. चंद्रावरील एका विवराला ल्यापुनोव यांचे नाव दिलेले आहे.

या युक्तीचा आपल्या रोजच्या जीवनाशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. आपल्या घरी येणारी वीज एका प्रचंड जाळ्यातून येते. या जाळ्याला जोडलेली शेकडो मोठी जनित्रे एका तालात फिरत असतात. वीज पडून एखाद्या तारेत बिघाड झाला, की सर्वांना धक्का बसतो. बिघडलेली तार सेकंदाच्या काही दशांश भागात वेगळी केली, तर जनित्रे डोलतात आणि सावरतात. उशीर झाला, तर त्यांचा ताल सुटतो. हाही हद्दीचाच प्रश्न आहे. पण येथे वाडगा डोळ्यांना दिसत नाही. शेकडो जनित्रांचे शेकडो आकडे असतात आणि हद्द या सर्वांवर मिळून ठरते. एवढ्या मोठ्या जाळ्याची अगदी खरी हद्द काढणे संगणकालाही भारी पडते. म्हणून अभियंते टवक्यासारख्या धोक्याच्या जागा शोधतात आणि त्यांच्या आत सुरक्षित हद्द आखतात. काही वेळा ते जाळ्याचे लहान भाग पाडतात, प्रत्येक भाग तपासतात आणि मग सर्वांचा एकत्र विचार करतात.

ही हद्द ओलांडली, की काय होते, हे आपल्या देशाने पाहिले आहे. ३० जुलै २०१२ च्या मध्यरात्रीनंतर बीना ते ग्वाल्हेर ही वीजवाहिनी बंद पडली. तिचा भार इतर वाहिन्यांवर गेला. त्या आधीच भरलेल्या होत्या. पाहता पाहता उत्तर भारताचे सारे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन जाळी बंद पडली. सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशातील वीज गेली. आगगाड्या वाटेत थांबल्या. महाराष्ट्राला वीज देणारे पश्चिमेचे जाळे मात्र दोन्ही दिवशी वेगळे होऊन चालू राहिले. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर या वाहिनीने दक्षिणेचे जाळेही जोडले गेले आणि साऱ्या देशाचे एकच जाळे झाले. जाळे जेवढे मोठे, तेवढी त्याची हद्द ओळखण्याची जबाबदारीही मोठी.

अंदाज केल्याशिवाय जगात काम चालत नाही. शेतकरी पावसाचा अंदाज घेतो, गवंडी विटांचा अंदाज घेतो, अभियंता विजेच्या भाराचा अंदाज घेतो. ल्यापुनोव यांनीही अंदाज केले. पण आपला अंदाज कोठपर्यंत खरा आहे, हे पाहिल्याशिवाय त्यांनी त्याला उत्तर म्हटले नाही. त्यासाठी पंचविसाव्या वर्षी हाती आलेला प्रश्न वीस वर्षे बाजूला ठेवण्याचा धीर त्यांनी दाखवला. हा धीर, ही जिद्द आणि सत्याविषयीची ही आस्था, हीच त्यांची खरी थोरवी होय.